बाबांच्या उजव्या हाताबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "मला काही झालेलं नाही" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहिते आहे. मला पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची, शंका येते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

बाबा, दिवाळीत मी तुमच्या रामनामाच्या वह्या चाळत होते. जुन्या वहीत 'श्रीराम जय राम' दोन रेघांच्या मध्ये ऐसपैस बसलंय. नव्या वहीत ओळीची सुरुवात बरी असते, पण पुढे जाता जाता अक्षर बारीक होत जातं आणि शेवटचा 'राम' तर डोळे ताणूनच वाचावा लागतो. तुम्ही म्हणालात, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पण कमी दिसायला लागलं की माणूस अक्षर मोठं काढतो, बाबा.

मग मी तुमच्याकडे लक्ष देऊन बघायला लागले. देवळात चालत गेलो तेव्हा तुमचा डावा हात नेहमीसारखा मागेपुढे होत होता. उजवा मात्र कोपरात थोडा वाकून अंगाशी धरलेला, आणि त्याच बाजूच्या पायातली चप्पल घासत होती. उजवा खांदा आखडलाय म्हणून शेक आणि व्यायाम चालू आहेत, पण गुण येत नाही. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो. आरतीत ज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, त्यांचं बोलणं आता टीव्ही बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही. शेजारच्या काकू तर आईला विचारून गेल्या, "काका रागावलेत का आमच्यावर?" बाबा रागावलेले नाहीत, त्यांचा चेहरा पूर्वीसारखा हलत नाही.

आई, तू सांगितलेल्या गोष्टीही मी यात धरते आहे. दूध करपलं तरी बाबांना वास आला नाही. इसबगोल घेऊनही पोट साफ होत नाही. आणि झोपेत ते ओरडतात, हातपाय झाडतात, एकदा तुला लागलंही. स्वप्नात माणूस एरवी निपचित असतो. तसं न होता स्वप्नातली मारामारी खरोखर अंगात उतरते, हे पार्किन्सन्सच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतं. वास जाणं आणि बद्धकोष्ठही तसंच. यातली एकेक गोष्ट वयावर ढकलता येते. सगळ्या मिळून, आणि त्याही एकाच बाजूला जास्त, अशा आल्या की मला वयाचं कारण पटत नाही.

"हात थरथरत नाही, मग कंपवात कसला?" हे बाबा विचारणारच. कंप नसलेले रुग्णही असतात. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात, त्यामुळे मुख्यतः हालचाल मंदावते आणि अंग ताठरतं. कंप असला तर तो हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, अंगठा आणि बोट जपमाळेचे मणी ओढल्यासारखे हलतात, आणि कप उचलला की बहुधा थांबतो. कप उचलतानाच दोन्ही हात थरथरले तर ते बऱ्याचदा वेगळं दुखणं असतं. आई, बाबा टीव्ही बघत असताना उजव्या हाताकडे बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाबांची गॅसची कॅप्सूल बघ. पाकिटावर लेव्होसल्पिराइड लिहिलंय का? चक्करेची गोळी सिनारिझिन आहे का? या औषधांनीही हालचालीची अशीच लक्षणं येऊ शकतात, आणि तसं असेल तर औषध बदलल्यावर ती पुष्कळदा ओसरतात. मनाने काही बंद करू नका, सगळी पाकिटं पिशवीत भरून ठेवा.

दाखवायचं ते न्यूरॉलॉजिस्टना, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना. यासाठी रक्ताची कुठली एक तपासणी नाही. डॉक्टर चालायला लावतात, बोटं उघडमीट करायला सांगतात, मनगट हलवून ताठरपणा बघतात. एमआरआय सांगितला तर तो बहुधा दुसरं काही नाही ना, हे बघायला. खांद्याच्या व्यायामात आणखी महिने घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

निदान झालंच तरी घाबरू नका. लेव्होडोपा नावाच्या औषधाचं मेंदूत डोपामिन होतं, त्याने हालचाल पुष्कळ सुधारते, व्यायामानेही फार फरक पडतो. कोणीतरी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुचवेल. त्यात लेव्होडोपा असतं हे खरं आहे, पण किती ते प्रत्येक पुडीत सारखं नसतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरची माणसं एकत्र भेटतात. आई, मला ते तुझ्यासाठीही हवं आहे. रात्री झोपमोड होते ती तुझी, आणि तू त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीस.

तोवर तुझ्या पलंगाच्या बाजूला एक जाड उशी ठेव, बाबांच्या उशाजवळचा तांब्या-भांडं आणि स्टूल लांब सरकव. अंगणात चालतानाचा बाबांचा व्हिडिओ काढ, समोरून आणि बाजूने. डॉक्टरांसमोर माणूस नेमका नीट चालतो.

सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. मी रविवारी संध्याकाळी पोचते. बाबा, नाही म्हणू नका.

तुमची लेक