दिल्लीची थंडी आणि आपल्या नमुन्यांची पेटी

मुंबई,
10 जानेवारी 2025

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिल्लीच्या यशोभूमी केंद्रातल्या, वाहनांच्या सुट्या भागांच्या प्रदर्शनासाठी नमुन्यांची पेटी ट्रान्सपोर्टने पुढे पाठवायची आणि आपण 17 तारखेला सकाळच्या विमानाने निघायचे, असे तू काल फोनवर म्हणालीस. त्या वेळी मी नुसते ‘बरं’ म्हटले, पण रात्रभर ती पेटीच डोळ्यांसमोर होती, म्हणून हे लिहीत आहे. पेटी तुझ्यापासून वेगळी जाऊ देऊ नकोस.

2008 च्या जानेवारीत प्रगती मैदानावरच्या ऑटो एक्स्पोत आपण पहिल्यांदा स्टॉल घेतला, तेव्हा तू आजीपाशी होतीस. बाबा गाळ्यावर थांबले आणि मी व आपले जुने फोरमन असे दोघे गेलो. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, हातात होती, पण माल नव्हता. दाट धुक्यात ट्रक वाटेत अडकून पडले होते, आणि आमच्या पेट्या उतरल्या त्या ट्रान्सपोर्टच्या उघड्या शेडमध्ये, जिथे त्यांनी एक अख्खी रात्र काढली. उद्घाटनाच्या सकाळी त्या हाती आल्या तेव्हा पुठ्ठा दमट होऊन मऊ पडला होता. गरम हॉलमध्ये पेटी उघडली आणि थंड पडलेल्या लोखंडी स्लीव्ह, म्हणजे धक्के झेलणाऱ्या आपल्या रबरी बुशमधल्या नळ्या, माझ्यादेखत घामेजल्या. पावसाळ्यात बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर साचते तसे बारीक पाणी त्यांच्यावर धरले होते. मी घाईने पदराने पुसून त्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी घासलेल्या कडेवर गंजाची तांबूस रेघ आली होती.

खरा घाव मात्र बुटांनी, म्हणजे ॲक्सलवर चढवायच्या रबरी आवरणांनी, घातला. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातले एक वयस्कर व्यापारी आले, त्यांनी ॲक्सलचा निओप्रीनचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, बूट अंगठ्याने दाबून पाहिला, त्याची घडी मोडली आणि विचारले, “माल पुराना है क्या?” बूट अवघ्या तीन आठवड्यांपूर्वीच्या बॅचचा होता. रबराचा कठीणपणा मोजणारा ड्युरोमीटर लावला, तर गाळ्यावर 60 भरलेला तोच बूट 66 दाखवू लागला. मला काही उत्तर सुचले नाही आणि ते पुढच्या स्टॉलवर निघून गेले.

त्या रात्री हॉटेलात बादलीभर कोमट पाण्यात आम्ही ते बूट बुडवून ठेवले. तासाभराने बाहेर काढले तेव्हा ते मुंबईत होते तसेच लवचीक झाले होते. बराच काळ थंडीत पडून राहिले की निओप्रीनचे रेणू ओळीने लागतात, आत सूक्ष्म स्फटिक बनतात आणि रबर ताठरते. ऊब मिळाली की ते स्फटिक वितळतात. माल जुना होण्याशी याचा संबंध नाही. बुशच्या नैसर्गिक रबरावर दिल्लीच्या थंडीचा परिणाम थोडाच होतो, पण तेही जरा घट्ट लागते. म्हणूनच भारतीय मानकांत रबराची चाचणी 27 अंश सेल्सिअसला, दोन अंश इकडेतिकडे धरून, करायची असते. एवढे एक वाक्य मला त्या व्यापाऱ्यांना सांगता आले असते, तर कदाचित ती ऑर्डर हातची गेली नसती. तू ते नक्की सांग, आणि सांगताना ड्युरोमीटर व थर्मामीटर दोन्ही टेबलावर असू देत.

तेव्हा विमान सोडून 15 तारखेच्या संध्याकाळच्या राजधानीने मुंबई सेंट्रलहून नीघ. गाडी मथुरेच्या पुढे धुक्यात सहा-सात तास रखडली, तरी 18 तारखेच्या उद्घाटनाआधी तुला एक पूर्ण दिवस मिळेल आणि पेटी रात्रभर उबदार डब्यात तुझ्या बर्थखाली राहील. तिकडे हिवाळी पाऊस पडून आकाश मोकळे झाले आणि वारा थांबला की ओल्या जमिनीवर धुके बसतेच. दृश्यमानता फार कमी झाली, तर विमान उतरवण्यासाठी खास यंत्रणा आणि तसे प्रशिक्षण घेतलेला वैमानिक, दोन्ही लागतात. त्यावर अवलंबून राहू नये असे मला वाटते. स्लीव्ह गंजरोधक कागदात गुंडाळून, त्यावर प्लास्टिक लावून पिशवीचे तोंड घट्ट बांध, आणि हॉलमध्ये पोचल्यावर निदान दोन तास पेटी उघडू नकोस, म्हणजे धातू हॉलइतका गरम होईल आणि त्याला घाम येणार नाही.

थंडीमुळे सकाळी हॉल रिकामा दिसेल, पण स्टॉल सोडून जाऊ नकोस. त्या वर्षी 10 जानेवारीला रतन टाटांनी नॅनो लोकांसमोर आणली, तेव्हा सगळी गर्दी तिकडे लोटली आणि आमच्या रांगेत तासभर कोणी फिरकले नाही. तेवढ्यात लुधियानाचे एक गृहस्थ स्वेटरवर शाल गुंडाळून आले, चहा घेत चाळीस मिनिटे बसले, आणि पुढे अकरा वर्षे आपला बुश त्यांच्याकडे जात राहिला.

मोजे दोन जोड्या ने, कारण हॉलची फरशी फार गार असते. ड्युरोमीटर मी बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळून, तपासणीच्या प्रमाण ठोकळ्यासह, निळ्या डबीत ठेवला आहे. निघण्याआधी गाळ्यावर ये आणि माझ्यासमोर एकदा लावून पाहा.

तुझी,
आई