पिवळा बांबू लावताय? आधी वर बघा

संपादक महोदय,

पाऊस सुरू झाला की आमच्या फोंड्यात रोपं न्यायची घाई उडते, आणि हल्ली ज्याच्या त्याच्या डिकीत तो पिवळाधमक, हिरव्या रेघांचा बांबू दिसतो. देखणा आहे, वादच नाही, मीही नऊ वर्षांमागे भुललो. नर्सरीवाला म्हणाला कंपाउंडला लावा, आडोसा होईल, काही करावं लागत नाही. खरंय, सगळं तोच करतो!

हा बांबू चाळीस-पन्नास फूट जातो हे मात्र कोणी सांगत नाही. फांदीचा तुकडा मातीत खोचला तरी रुजतो, म्हणून नर्सरीत स्वस्तात मिळतो. कोंब जमिनीतून येतानाच मनगटाएवढा, पुढे जाड होत नाही, दोन-तीन महिन्यांत नुसता उंच होतो. ऑगस्टात एकदा भिंतीवर खडूनं खूण केली, दुसऱ्या सकाळी कोंब वीतभर वर! नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगाला फुटतात, म्हणजे बेट दरवर्षी पसरतं, आमचं पसरत पसरत चिऱ्यांच्या भिंतीला टेकलं आणि दोन चिरे पलीकडे ढकलले. शेजारच्या भाभींच्या विहिरीत पानं, वर विजेच्या तारा. छाटायला गेलो तर कोंबावरच्या सालीची तपकिरी कुसं हातात गेली, चवथीच्या ऐन गडबडीत दोन दिवस खाजवत बसलो.

बांबू लावू नका असं नाही म्हणत. २०१७ साली केंद्रानं वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, तेव्हापासून लोकांचा उत्साह वाढलाय, चांगलंच आहे. पण छोट्या प्लॉटला आपला माणगा जातीचा बांबू काय वाईट? काटे जवळजवळ नाहीत, काठी भरीव, उंची तीसेक फूट, सिंधुदुर्गात शेतकरी बांधावर पिढ्यान्‌पिढ्या लावतात. पिवळाच हवा असेल तर भिंतीपासून दहा-बारा फूट सोडा, नको तिथला कोंब कोवळा असतानाच मोडा आणि तीन वर्षांवरच्या काठ्या पावसाळा संपल्यावर काढत जा. नर्सरीवाल्यांनी निदान रोपाच्या पिशवीवर उंची लिहावी, एवढी तरी सक्ती कोणीतरी करा.

आणि त्या काठ्या कामाला येतील या भ्रमात राहू नका, या जातीत पिठूळपणा फार, भुंगा लगेच धरतो. गेल्या वर्षी दोडक्याच्या मांडवाला वापरल्या, चार महिन्यांत खाली पिठाची रांगोळी. यंदा सावंतवाडीहून माणगा आणलाय.

आपला,
एक वाचक, फोंडा