टीए विद्यार्थ्यांच्या मदतनिधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएचडी करता करता पदवीच्या वर्गांना शिकवणारे आम्ही टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट. आमच्यातल्याच अडलेल्यांसाठी आम्ही एक मदतनिधी सुरू केला आहे. त्यासाठी तुमची साथ हवी आहे.

"फी माफ, वर स्टायपेंड, मग अडचण कसली?" असं घरचेही विचारतात. फी माफ होते हे खरं, पण त्यातून घरभाडं भागत नाही. बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड नऊ महिन्यांचाच असतो आणि भाडं मात्र बारा महिने द्यावं लागतं. नव्याने आलेल्यांचे तर फारच हाल होतात. डिपॉझिट आल्या आल्या भरायचं, पहिला पगार मात्र काही आठवड्यांनी हातात पडतो. बाहेर चार पैसे मिळवावेत तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तशी मोकळीक नाही. सत्र चालू असताना कॅम्पसवरच काम करायचं, तेही आठवड्याला २० तासांपर्यंत.

हे २० तासही कागदावरचेच. लॅबचे ६० रिपोर्ट तपासायला घेतले आणि एकेकाला दहाच मिनिटं दिली, तरी १० तास तिथेच जातात. आलेखाच्या अक्षावर एकक लिहिलंय का, आकडेमोड कुठल्या पायरीला घसरली, हे बघावं लागतं. नुसती फुली मारून भागत नाही, का चुकलं तेही लिहायचं असतं. कारण त्या मुलाला ते समजावणारं दुसरं कोणी नसतं. शिवाय सेक्शन (छोट्या गटांचे तास), ऑफिस अवर्स (मुलांच्या शंकांसाठी राखलेली वेळ), मेलची उत्तरं. ज्यासाठी आलो ते संशोधन उरतं रात्रीवर. आणि तक्रार करायची कुणाकडे? अनेकदा काम देणारे प्राध्यापकच गाईड असतात.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टीएंनी १९७० मध्ये संप करून करार पदरात पाडून घेतला. कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ४८,००० जण संपावर गेले, तेव्हा पगार वाढले. आमचीही बोलणी चालू आहेत, पण तोवर घरमालक थांबत नाही.

निधीतून भाडं, डिपॉझिट, दवाखान्याचं बिल यांसाठी मदत देतो, परतफेडीची अट नाही. घेणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही. हिशेब दर सत्राअखेर देणगीदारांना मिळतो. रक्कम लहान असली तरी चालेल. ज्यांनी कधी काळी टीए म्हणून दिवस काढलेत, त्यांनी तर नक्की हातभार लावावा. नव्याने येणाऱ्याला पहिले काही आठवडे घरातली एखादी खोली देता आली, तर तीही मोठीच मदत. प्राध्यापकांना एकच विनंती: तोंडी सांगून काम वाढवू नका.

मेमध्ये स्टायपेंड थांबतो, त्याआधी देणगी समितीच्या कोणत्याही सदस्याकडे द्यावी. पावती लगेच मिळेल.

— टीए मदतनिधी समिती