जुन्या बंदुकीला काचकागद लावू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेल्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका परत मिळाल्या की कोकणात घरोघरी त्यांची साफसफाई सुरू होते आणि नेमकी तेव्हाच अनेक जुन्या बंदुकांची नासाडी होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वडिलांची दुनळी परत आली तेव्हा तिचा घोडा अर्ध्यावरच अडकत होता. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला वर्षानुवर्षे चोळलेले खोबरेल, त्यात मिसळलेले हळदकुंकू आणि धूळ यांचा डिंकासारखा तपकिरी थर आत साचला होता. एका जाणत्या गृहस्थांनी तो गंज समजून नळीवरही काचकागद चालवला आणि तिचे निळसर काळे पाणी पाच मिनिटांत उतरले. ते पुन्हा चढवणे घरच्या घरी होत नाही.

हा थर घासायचा नसतो, विरघळवायचा असतो. अमेरिकेतील फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी शस्त्र कारखान्याच्या जुन्या कृतीत रॉकेल, टर्पेंटाइन, ॲसिटोन आणि स्पर्म व्हेलचे तेल असे. पुढे व्हेलच्या तेलाऐवजी ऑटोमॅटिक गिअरचे लाल तेल आणि टर्पेंटाइनऐवजी मिनरल स्पिरिट (रंगात वापरतात तसे पेट्रोलियम थिनर) घालून, चारही द्रव समभाग घेण्याची घरगुती कृती तिकडे रूढ झाली. आम्हाला मात्र रॉकेलमध्ये थोडे शिलाई मशीनचे तेल मिसळून पुरले. रात्रभर भिजल्यावर जुन्या टूथब्रशने घासताच थर कोऱ्या चहासारखा ओघळू लागला.

ॲसिटोन वापरणाऱ्यांनी ते दस्त्याला लागू देऊ नये, कारण लाकडाचे पॉलिश लगेच उतरते. शिवाय त्याची वाफ चटकन पेट घेते, त्यामुळे काम चुलीपासून दूर, अंगणातच करावे. पेट्रोल तर वापरूच नये. रॉकेल उडून गेले की लोखंड उघडे पडते, म्हणून शेवटी तेलाचा हात हवाच. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी आहे: काळ्या दारूचे (गनपावडरचे) क्षार रॉकेलात विरघळत नाहीत, त्यांना गरम पाणीच लागते, आणि नंतर नळी पूर्ण कोरडी करून तेल लावावे लागते. अर्थात, आत गज घालून जुना बार भरलेला नाही याची खात्री करण्यापूर्वी कशालाही हात लावू नये.

दमट हवेत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या या बंदुकांना जमा करतानाच तेल लावून कापडात गुंडाळण्याची मुभा मालकांना मिळावी, एवढी प्रशासनाला विनंती आहे.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग