जुनी वाइन घेताना साल नंतर, साठवण आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रेंच रेड वाइनवर आपल्या पुरवणीत नुकताच एक लेख आला. ‘जितकी जुनी तितकी भारी’ आणि ‘रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यावी’ ही त्यातली दोन वाक्ये कोल्हापुरात कुणी जशीच्या तशी पाळली, तर चांगल्या बाटलीचे पैसे सरळ पंचगंगेत गेले म्हणायचे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक वाइन मुरवण्यासाठी बनवलेलीच नसते. दोन-चार वर्षांत पिऊन मोकळे व्हायचे. वीस-तीस वर्षे टिकते ती टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला-बियांतला तुरट अंश), आंबटपणा किंवा दोन्ही भरपूर असलेली. बोर्दोत नदीच्या डाव्या काठावरची, म्हणजे मेदोकमधली काबेर्ने सोव्हिन्योंप्रधान वाइन, उजव्या काठावरच्या पोमेरोल आणि सँतेमिलियोंची मर्लोप्रधान, बर्गंडीची उत्तम पिनो न्वार, उत्तर ऱ्होनची सिरा. यात काबेर्ने सोव्हिन्यों, मर्लो, पिनो न्वार, सिरा ही द्राक्षांची नावे, बाकी फ्रान्समधल्या जागा. बाटलीत पडून राहिल्यावर टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना धरतात, जड होतात आणि खाली बसतात. तोच गाळ. त्यामुळेच जांभळट रंग काठाकडे विटकरी होत जातो आणि जिभेवरचा तुरटपणा मऊ पडतो. वाइन चांगली मुरली असेल तर फळाचा वास मागे सरतो आणि चामडे, सुकी तंबाखू, अळंबी, ओली माती असे वास पुढे येतात. यातले पहिले दोन वास ओळखायला कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको!

सालाचे, म्हणजे द्राक्षे तोडली त्या वर्षाचे म्हणाल तर बोर्दोत २००५, २००९, २०१० आणि २०१६ ही भक्कम वर्षे. २००९ लवकर मऊ झाली, २०१० ला अजून धीर लागतो. २०१३ थंड आणि पावसाळी गेले, ते सोडून द्यावे. पहिल्यांदाच घेणाऱ्याने १९८२ च्या नादी लागू नये. साल थोर आहे, यात वाद नाही; पण भाव गगनाला भिडलेले, आणि बनावट माल नेमका अशाच नावाजलेल्या बाटल्यांचा निघतो. अमेरिकेत रूडी कुर्नियावान याला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली ती अशाच प्रकरणात. बर्गंडीतल्या पोंसो घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’च्या १९४५ पासूनच्या बाटल्या त्याने लिलावाला काढल्या होत्या. त्या घराण्याने ती वाइन बनवायला सुरुवातच केली १९८० च्या दशकात!

लेबलवरचे भारदस्त शब्द नीट वाचावेत. मेदोकची पाच श्रेणींची यादी १८५५ ची; त्यात वरच्या श्रेणीत बढती मिळाली ती एकट्या शातो मूतों रोतशील्डला, १९७३ मध्ये. (शातो म्हणजे स्वतःचा द्राक्षमळा असलेले वाइनघर.) त्या यादीतला शातो ‘ग्राँ क्रू क्लासे’ असे लिहितो. ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ ही मात्र कुठलीच श्रेणी नाही, कुणीही छापतो. सँतेमिलियोंमध्ये ‘ग्राँ क्रू’ आणि ‘ग्राँ क्रू क्लासे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात फक्त निवडक शातो येतात. आमच्या मते सुरुवात करावी ती २००५ किंवा २००९ च्या चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या, नाहीतर चांगल्या ‘क्रू बुर्झ्वा’, म्हणजे १८५५ च्या यादीबाहेरच्या पण मेदोकमधल्याच दर्जाच्या बाटलीने.

आता मुख्य मुद्दा. जुन्या बाटलीची खरी किंमत ठरते ती आजवर कशी ठेवली होती त्यावर. १२ ते १४ अंश तापमान, साठ-सत्तर टक्के आर्द्रता, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओले राहते. उन्हाळ्यात बंद गोदामात किंवा दुकानाच्या काचेत पडलेली बाटली आतून शिजते. द्रव फुगतो, बूच वर ढकलतो, थोडी वाइन झिरपते आणि तिच्या जागी हवा शिरते. चव उकडलेल्या मनुकांसारखी सपाट होते.

म्हणून घेताना बाटलीमागे टॉर्च धरा. वीस वर्षांच्या बोर्दोची पातळी मानेत हवी. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या टोकाला आली तरी चालते. खांद्याच्या मध्यावर असेल तर तो सरळ जुगार. बर्गंडीच्या बाटलीला असा खांदा नसतो, तिथे बुचाखालची रिकामी जागा मोजतात: दोन-तीन सेंटिमीटर ठीक, पाचच्या पुढे नको. बूच तोंडाच्या वर आले असेल किंवा कॅप्सूलखाली, म्हणजे तोंडावरच्या पत्र्याच्या वेष्टणाखाली, चिकट ओघळ दिसत असतील, तर कितीही सूट मिळो, हात जोडावेत. मागच्या स्टिकरवर आयातदाराचे नाव असते. माल कधी आला, कुठे ठेवला, हे दुकानदाराला विचारायला लाजू नये. आयातशुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के राहिल्याने इथे भाव चढेच असतात. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. गोव्यातली बाटली मात्र परवान्याशिवाय घाट चढवून आणू नये. राज्य उत्पादन शुल्कवाले वाइन आहे म्हणून सोडत नाहीत.

मुंबई-पुण्याहून आणताना बाटली डिकीत नको, एसीत सीटखाली ठेवा. घरी साध्या फ्रिजमध्ये वर्षभर ठेवली तर कोरड्या थंडीने बूच आकसते. छोटे वाइन कॅबिनेट घ्यावे आणि वीज जाते म्हणून ते इन्व्हर्टरवर टाकावे. तळघर असेल तर उत्तमच, असे पुस्तके सांगतात. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला पुराचे पाणी पाहिलेल्यांनी या सल्ल्याचे काय करायचे ते स्वतःच ठरवावे. पावसाळ्यात लेबलला बुरशी धरते. बाटलीभोवती स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळली की भागते.

पिण्याआधी एक-दोन दिवस बाटली उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाला बसतो. रूम टेंपरेचर म्हणजे जुन्या फ्रेंच घरातले, १६ ते १८ अंश. आपल्याकडे एप्रिलात खोली पस्तिशीत असते. बाटली खोलीतच असेल तर दीड-दोन तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, पण आतल्या फळीवर. दाराच्या खणात ठेवली की प्रत्येक उघडझापीला गाळ ढवळतो.

जुने बूच भुसभुशीत असते, नेहमीचा स्क्रू त्याचा भुगा करतो. दोन पात्यांचा ओपनर वापरावा: पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आलटून-पालटून रेटत खाली न्यायची, मग पिळत पिळत वर ओढायचे. डिकँटरमध्ये (गाळ मागे ठेवून वाइन ओतायच्या काचेच्या सुरईत) ओतताना मानेखाली मोबाइलचा टॉर्च ठेवा, एका धारेत ओता, काळी रेघ खांद्यापाशी आली की थांबा. तळाशी तीस-चाळीस मिली जाईल, त्याची हळहळ नको. वीस वर्षांच्या बोर्दोला डिकँटरमध्ये अर्धा-पाऊण तास पुरतो. चाळिशीपुढची वाइन गाळापुरती ओतून लगेच ग्लासात घ्यावी, तासाभरात तिचा दम संपतो. जुनी बर्गंडी तर बहुधा डिकँटरमध्ये ओतूच नये. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलेले आहे. हवा देऊन तो वास जात नाही.

राहता राहिले खाणे. तांबड्या रश्श्याबरोबर ही बाटली उघडू नये. मिरचीची आग टॅनिन आणि अल्कोहोलमुळे आणखी भडकते आणि वीस वर्षांत जमलेला वास कुठल्या कुठे जातो. पांढरा रस्सा सौम्य वाटतो, पण त्यातला खडा मसालाही वरचढ होतो. नुसत्या मीठ-मिऱ्यावर भाजलेले मटण किंवा लोण्यात परतलेली अळंबी घ्या. रश्श्यावर ताव नंतर मारता येतो. एक बाटली सहा जणांत, ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरलेला, आणि त्याच बैठकीत संपवलेली. दोन बाटल्या असतील तर आधी कमी वयाची उघडावी. जुनी आधी प्यायली तर नवी उगाच राकट वाटते, आणि नवीनंतर जुनीतले बारकावे नीट कळतात.

आपला,
एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर