दहा फेऱ्यांत ९१ सेंटीमीटर : हिंगणघाटच्या काकाजींना आभारपत्र

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

माझ्या गाडीचा किलोमीटर-मीटर आपण दुरुस्त करून दिल्यावर गाडी घेऊन निघताना मी आपले आभार मानले होते, पण ते घाईत झाले. आपण माझ्यासाठी नेमके काय केले हे मला पुढच्या महिनाभरात उमगत गेले, म्हणून हे सविस्तर पत्र.

पावसाळ्यात आमच्या पांदणीच्या काळ्या मातीत गाडीचे पोट टेकते, म्हणून मी २१५/७५ आर १५ मापाचे चारही टायर काढून त्याहून थोडे मोठे, २३५/७५ आर १५ मापाचे बसवले होते. त्यानंतर हिशेब जुळेनासा झाला. गावाहून सेवाग्रामच्या रुग्णालयात जाऊन परत येण्याचे अंतर ९६ किलोमीटर आहे, हे आम्हा भाड्याची गाडी चालवणाऱ्यांना तोंडपाठ असते. मीटर मात्र ९२ दाखवू लागला. भाडे किलोमीटरवर असल्याने तेवढे पैसे कमी मिळत, आणि डिझेलचा ॲव्हरेजही घटलेला दिसे. त्यावरून मी माझ्या चालकाला दोनदा डिझेलचा हिशेब विचारला. तो मुकाट्याने पावत्या पुढे करी. ही गोष्ट मला आजही टोचते.

आपल्याकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी मला काटा उपटून थोडा पुढे बसवून देण्याचे सुचवण्यात आले होते. त्याने तबकडीवरचा आकडा बदलेल, किलोमीटर मोजणारी चक्रे मात्र तशीच चुकत राहतील, हे आपण पहिल्याच वाक्यात सांगितलेत. मीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठे झाले की प्रत्येक फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्याच मापाने हिशेब करत राहतो. इतक्या सोप्या शब्दांत हे मला कोणीही सांगितले नव्हते.

त्यानंतर आपण केलेली मोजणी मी विसरणार नाही. माझी स्टेपनी अजून जुन्या मापाची होती. ती हाताने ढकलून मोजली तर फसगत होईल, कारण गाडीचे ओझे पडले की टायर दबतो, असे म्हणून आपण ती पुढच्या चाकाच्या जागी चढवली, हवा तपासली, टायरवर खडूची रेघ ओढली आणि मला व मुलाला गाडी ढकलायला लावून सिमेंटच्या रस्त्यावर दहा फेऱ्या मोजल्या. टेप लावल्यावर २१ मीटर ४४ सेंटीमीटर अंतर भरले. नवा टायर लावून तेच केले, तेव्हा २२ मीटर ३५ सेंटीमीटर भरले. दहा फेऱ्यांत ९१ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वाचार टक्के.

आमची गाडी जुनी, केबलच्या मीटरची. गिअरबॉक्समधून मीटरची केबल फिरवणारी प्लास्टिकची गरारी, म्हणजे छोटे दातेरी चाक, आपण बाहेर काढली, तिच्या एका दातावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि दाते मोजले : २४. मग जुन्या सुट्या भागांच्या डब्यातून २३ दात्यांची गरारी शोधून काढलीत. २४ ला २३ ने भागले की साधारण १.०४३ येते, म्हणजे जेवढी चूक तेवढीच दुरुस्ती. ती जागेवर नीट बसते का हे हाताने फिरवून पाहिल्याशिवाय आपण झाकण लावले नाही.

चाचणीच्या वेळी माझा आणखी एक गैरसमज दूर झाला. दुरुस्तीपूर्वी काटा ६० वर असताना मोबाईलही जवळपास तेवढाच वेग दाखवत होता, म्हणून वेगाचा काटा तरी बरोबर आहे असे मी समजत होतो. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्याने कंपनी तो मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवते, आणि मोठ्या टायरने ती सुरक्षेची फट खाऊन टाकली होती, हे आपण समजावलेत. आता काटा ६० वर असताना मोबाईल ५८ दाखवतो. नागपूर-हैदराबाद मार्गावरच्या दगडांप्रमाणे १० किलोमीटर गेलो तेव्हा पूर्वी ९.६ येणारा आकडा बरोबर १० आला. त्या क्षणी मला झालेला आनंद आपण पाहिलाच आहे.

मीटरवरचा जुना आकडा आपण हलवू दिला नाहीत, हे मला विशेष भावले. नव्या टायरवर मीटरने ६,४०० किलोमीटर दाखवले असले तरी गाडी खरोखर सुमारे २७० किलोमीटर जास्त धावली आहे, ही नोंद आपण माझ्या वहीत स्वतःच्या हाताने केली आणि ऑईल त्याप्रमाणे लवकर बदलायला सांगितले. पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो का तेही पाहिले. स्टेपनीही त्याच मापाची घ्या, नाहीतर मागच्या एका चाकाला ती लावल्यावर डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेवर, विनाकारण ताण येईल, हा सल्ला मी त्याच आठवड्यात पाळला.

आपण गरारीचे पैसे घेतले नाहीत, फक्त मजुरी घेतली. घरी आल्यावर मी चालकाला बसवून सगळा हिशेब दाखवला आणि त्याची माफी मागितली. ती मागण्याची संधी मला आपल्यामुळे मिळाली, काकाजी. त्याचे आभार वेगळे.

२४ दात्यांची जुनी गरारी आपण सांगितल्याप्रमाणे कापडात गुंडाळून, टायरचे जुने माप लिहिलेली चिठ्ठी लावून, पान्यांच्या पेटीत ठेवली आहे.

आपला कृतज्ञ,
हिंगणघाट तालुक्यातील एक गाडीमालक