जास्त घासलेल्या एका सीलबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

"नाव छापू नकोस," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव घालत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लेथ चालू करता आणि पुढचं काही ऐकू येत नाही. तेव्हा लिहूनच सांगणं भाग आहे.

तुमच्याकडे यायच्या आधी मी तीन उंबरे झिजवले होते. पहिल्याने माझ्या १३बीचं, म्हणजे माझदाच्या दोन रोटरच्या वांकेल इंजिनाचं, खोकं उघडून विचारलं, "यात पिस्टनच नाही, मग बोअर कशाचा करू?" त्याची दोन पोरं खो-खो हसली. त्याचा राग नाही. वांकेल इंजिन कधी पाहिलं नसेल तर पिस्टनच्या जागी फिरणारा फुगीर बाजूंचा तो लोखंडी त्रिकोण, म्हणजे रोटर, बघून कुणालाही हसू येईल. निदान त्याने हात तरी लावला नाही. दुसऱ्याने लावला. साइड प्लेटा त्याने ग्राइंडरवर अशा चकाचक करून दिल्या की भांग पाडावा. त्या बिडावर नायट्रायडिंगचा कडक थर असतो आणि रोटरची सीलं, म्हणजे दाब अडवणारे बारीक तुकडे, त्याच्यावरच घासत फिरतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. थर गेला, प्लेटा गेल्या.

तिसऱ्याबद्दल लिहिताना अजून हात थरथरतो. ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, बूस्ट (आत कोंबलेल्या हवेचा दाब) चढवला की या इंजिनाला पीळ पडतो. तीन प्लेटा आणि मधली, रोटर ज्यांच्यात फिरतात ती दोन हाउसिंग अशी ती पाच थरांची चळत, लांब बोल्टांनी आवळलेली. म्हणून जादा डॉवेल, म्हणजे थर जागेवर धरणाऱ्या खुंट्या, घालतात. ती भोकं पाचही थरांतून एका रेषेत जायला हवीत. याची गेली नाहीत. बोल्ट आवळले की शाफ्ट हाताने फिरेना. "चालवलंस की होईल मोकळं," म्हणाला. आणि रोटर हलके करायला दिले होते तेव्हा सोबत दिलेली सगळी सीलं त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून परत केली. सहा एपेक्स (टोकांची), बारा कॉर्नर (कोपऱ्यांची), बारा साइड (बाजूंची), सगळी एकत्र, शेंगदाण्यांसारखी. साइड सीलं मी तीन रात्री बसून, एकेक आपापल्या खाचेत घासून बसवली होती. कुठलं कुठलं, काही कळायला मार्ग नाही.

ती पिशवी घेऊन मी तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा खरं तर गाडीतून इंजिनच काढून टाकायच्या विचारात होतो. तुम्ही काही विचारलं नाहीत. हाउसिंग उचललंत, उजेडाकडे धरलंत आणि आतल्या क्रोमवरून नख फिरवलंत. सावकाश, पूर्ण फेरा. मोजायचं डायल गेज शेजारी होतं, पण आधी नख. १९६० च्या दशकात माझदाच्या माणसांना याच भिंतीवर आडवे ओरखडे सापडायचे. सैतानाची नखं म्हणायचे ते त्यांना. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमची सीलं करून ती नखं घालवली, तेव्हा कुठे १९६७ साली कॉस्मो बाजारात आली. हे मी तुम्हाला उत्साहाने सांगायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "हाउसिंग बरं आहे. पिशवी ठेवून जा."

भोकांचं तुम्ही काय केलंत ते इथे लिहीत नाही. मला नीट सांगता येणार नाही, आणि अर्धवट सांगितलं तर कुणीतरी ते करून बघेल. आता बोल्ट पूर्ण आवळल्यावरही शाफ्ट दोन बोटांनी फिरतो, एवढं पुरे.

मला बोलायचंय त्या डबीबद्दल. पंधरा दिवसांनी आलो, तर पिशवीच्या जागी कप्प्यांची डबी. प्रत्येक कप्प्यावर तुमच्या त्या तिरक्या अक्षरात कागद चिकटवलेला: पुढचा रोटर, मागची बाजू, पहिलं. पुढचा रोटर, मागची बाजू, दुसरं. बाराही साइड सीलं पुन्हा खाचेत घालून, कॉर्नर सीलशी उरणारी फट मोजून, आपापल्या घरी पोचवलेली. हे काम कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नवा संच मागवायच्या तयारीत होतो. आणि शेवटच्या कप्प्यात सीलच्या खाली घडी केलेली चिठ्ठी:

"हे माझ्या हातून जास्त घासलं गेलं. नवं टाकलं आहे. फट ०.०६. याचे पैसे धरू नयेत."

काका, ती चिठ्ठी मी तुमच्या दुकानात उभ्या उभ्या चार वेळा वाचली. नंतर खोदून विचारल्यावर सांगितलंत की जुन्याची फट ०.१८ झाली होती. नव्या जोडणीत ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर ठेवायची असते, पण झिजलेल्या इंजिनात ०.४० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ते तसंच बसवलं असतंत तरी इंजिन चालू झालं असतं, पळालंही असतं. कुणाला कळलं असतं? मला तर नाहीच. रोटरच्या एका कोपऱ्यातून थोडा दाब निसटला असता आणि मी ट्यूनिंगला बोल लावत बसलो असतो. तिसऱ्या दारातल्या माणसाने पाच थरांतून वाकडी भोकं पाडून "होईल मोकळं" म्हटलं होतं. तुम्ही केसाएवढ्या चुकीसाठी चिठ्ठी लिहिलीत, आणि तीही माझ्या नाही, स्वतःच्या.

मला तेव्हा आरओ ८० आठवली. १९६७ ची एनएसयूची गाडी, हेच वांकेल इंजिन. सुरुवातीच्या गाड्यांची सीलं भराभर गेली आणि कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देत राहिली. समोरासमोर आलेले दोन आरओ ८० वाले हात न हलवता बोटं दाखवायचे, किती इंजिनं झाली ती, असा किस्सा सांगतात. त्या खर्चाने कंपनी खिळखिळी झाली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या हातात गेली. धंद्याच्या हिशेबात वेडेपणाच. पण चूक आपली म्हणून कबूल करणारी माणसं मला त्या हिशेबापेक्षा मोठी वाटतात, आणि अशी माणसं गिऱ्हाईक जोडायला म्हणून तसं वागत नाहीत. त्यांना दुसरं जमतच नाही. तुम्हाला हे वाचून कसंनुसं होईल. होऊ दे.

परवाच्या रात्रीचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. तीन रन मारले. ४०२ मीटर, तिन्ही वेळा पूर्ण, कुठे पाय काढला नाही. मीटरवर शाफ्टचे मिनिटाला ९,००० फेरे दिसत होते, म्हणजे रोटरचे ३,००० च, हे स्वतःला समजावत होतो तरी छातीत धडधड होतीच. तिसऱ्या रननंतर गाडी बाजूला घेतली, प्लग काढले, स्टार्टर मारला. निरोगी रोटर प्लगच्या भोकातून तीन सारखे श्वास टाकतो. फस्, फस्, फस्. ते ऐकवायला मी तुम्हाला फोन लावला आणि फोन भोकाजवळ धरला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, त्याबद्दल माफी.

तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "तिसरा जरा हलका येतोय का? परत फिरव."

परत फिरवला. मागचा रोटरही फिरवून ऐकवला. तिन्ही सारखे.

"हं," म्हणालात, आणि फोन ठेवलात.